पाऊण मिलिमीटरचे आटे

पेट्रोल गाडीच्या इंजिनात स्पार्क प्लग ज्या भोकात बसतो, ते भोक बहुतेक गाडीमालकांनी कधीच पाहिलेले नसते. बॉनेट उघडले तरी दिसतात त्या कॉइल, वायरी आणि वरची प्लॅस्टिकची झाकणे. त्यांच्याखाली, सिलिंडर हेडच्या अॅल्युमिनियममध्ये, बहुतेक गाड्यांत १४ किंवा १२ मिलिमीटर व्यासाचे एक आरपार भोक असते. त्याच्या भिंतीवर आटे कापलेले असतात आणि भोकाच्या पलीकडे थेट ज्वलनकक्ष. इंधन पेटले की आत जो दाब तयार होतो तो पिस्टनला खाली ढकलतो, पण तोच दाब त्याच क्षणी प्लगलाही वर ढकलत असतो. पिस्टन खाली जाण्यासाठीच केलेला असतो. प्लगने मात्र जागचे हलता कामा नये, आणि त्याला जागेवर धरून ठेवतात ते हे आटे.

हा भार किती असतो ते पाहू. पूर्ण थ्रॉटलला साध्या पेट्रोल इंजिनात दाब ६० बारच्या आसपास जाऊ शकतो. १४ मिलिमीटरच्या प्लगच्या तोंडाचे क्षेत्रफळ दीड चौरस सेंटिमीटरहून थोडे जास्त भरते. गुणाकार केला तर प्रत्येक ज्वलनाला प्लगवर नव्वदएक किलोचा धक्का बसतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर चार स्ट्रोकच्या इंजिनात एका सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ ज्वलने होतात. म्हणजे एक धडधाकट माणूस प्लगच्या खालून सेकंदाला २५ वेळा लाथ मारतो आहे आणि गाडी हायवेवर असेपर्यंत थांबत नाही. एवढे होऊनही प्लग जागचा हलत नाही. कारण तो नीट आवळलेला असतो तेव्हा आट्यांनी त्याला हेडवर या धक्क्याच्या कितीतरी पट जास्त ताकदीने दाबून धरलेले असते. २५ न्यूटन-मीटर टॉर्कने आवळलेल्या कोरड्या प्लगचा हा दाब ढोबळ गणिताने नऊशे किलोच्या घरात जातो.

आता हे ज्यांच्या जोरावर चालते ते आटे जवळून पाहावेत असे आहेत. प्लगच्या खोक्यावर किंवा कॅटलॉगमध्ये एम १४ × १.२५ असे लिहिलेले असते. १४ हा बाहेरचा व्यास, आणि १.२५ हे एका आट्यापासून शेजारच्या आट्यापर्यंतचे अंतर, दोन्ही मिलिमीटरमध्ये. या मापाच्या आट्याची उंची जेमतेम पाऊण मिलिमीटर असते, आणि प्लगचा आटा हेडच्या आट्यात प्रत्यक्ष जितका गुंततो ती खोली त्याहूनही कमी, साधारण ०.६८ मिलिमीटर. नऊशे किलोंची पकड तेवढ्यावर उभी असते. पण ही बारीक कड भोकाभोवती फिरत फिरत खाली उतरते, आणि घाटातला रस्ता सरळ केला तर किती लांब भरेल तसे तिला उलगडून पाहिले की खरा हिशेब कळतो. १९ मिलिमीटर लांब आट्यांच्या प्लगवर पंधराएक वळसे बसतात, आणि ही उतरण उलगडली तर तिची लांबी साठ सेंटिमीटरपेक्षा जास्त होते. कड पाऊण मिलिमीटरची, पण ती दोन फूट लांब.

आट्यांचा कोन किती असावा यावरही एकोणिसाव्या शतकात बरेच डोके चालले. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचे पहिले मोठे प्रमाणीकरण मांडले. त्याचा कोन ५५ अंशांचा होता आणि शिखरे गोलाकार होती. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये ६० अंशांचा, सपाट शिखरांचा आटा सुचवला, कारण तो साध्या कारखान्यातही बिनचूक कापता येई. आजचा मेट्रिक आटा याच ६० अंशांचा आहे. बॉश कंपनीत गॉटलोब होनोल्डने १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा प्लग तयार केला, तेव्हापासून विजेची ठिणगी आणि आट्याचा दंडगोल या दोन गोष्टी मोटारीत कायमच्या जोडल्या गेल्या.

आटे भार सगळे मिळून घेतात, पण सारखा घेत नाहीत. आवळलेल्या जोडात वॉशरच्या बाजूचा पहिला आटा सगळ्यात जास्त भार घेतो, एकूण भाराच्या साधारण एक तृतीयांश. पहिल्या तीन आट्यांवरच अर्ध्याहून बराच जास्त भार असतो. खालचे आटे त्या मानाने निवांत असतात. म्हणूनच आटे जातात तेव्हा ते बहुधा वरून जातात. पहिला गेला की त्याचा भार दुसऱ्यावर येतो, मग तिसऱ्यावर. बाहेरून मात्र काहीच कळत नाही. शेवटी पाना हातात नुसताच फिरू लागतो. आवळतोय आवळतोय आणि घट्टच होत नाही, ही भावना ज्याने एकदा अनुभवली त्याला ती विसरता येत नाही.

हेड ओतीव लोखंडाची होती तेव्हा हा प्रश्न इतका नव्हता. अॅल्युमिनियम हलके असते आणि उष्णता भराभर वाहून नेते, म्हणून आज जवळजवळ सगळ्या पेट्रोल गाड्यांची हेड त्याच्या मिश्रधातूची असतात. पण प्लगचे अंग पोलादी असते आणि अॅल्युमिनियम त्यापुढे मऊ. दोघांची झटापट झाली की हरते ते नेहमी हेड. प्लग शंभर-दोनशे रुपयांत नवा मिळतो, हेड मिळत नाही. त्यात अॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते आणि गरम असताना आणखी मऊ होते. गरम इंजिनवर प्लग काढू नये असे सगळे मेकॅनिक सांगतात ते याच कारणाने. गाडी संध्याकाळी आणून उभी करावी आणि सकाळी प्लगला हात लावावा, एवढे साधे पथ्य पाळले तरी कितीतरी हेड वाचतात.

आटे बिघडण्याची कारणे मोजकीच आहेत. सगळ्यात मोठे कारण म्हणजे प्लग तिरका सुरू होणे. प्लग खोल विहिरीत बसतो, वरून दिसत नाही. एक्स्टेन्शन लावलेला पाना थेट घातला तर प्लगचा पहिला आटा हेडच्या आट्यात बसला आहे की दोन आट्यांच्या मधोमध चढला आहे, हे हाताला कळत नाही. पान्याला ताकद भरपूर असते. तो पोलादी प्लग अॅल्युमिनियममध्ये स्वतःचाच नवा, वाकडा रस्ता कापत जातो.

यावर जुन्या मेकॅनिकांची एक युक्ती आहे, आणि ती माझ्या मते कोणत्याही महागड्या हत्यारापेक्षा मोलाची आहे. इंधनाच्या पाइपसारखी फूटभर रबरी नळी घ्यायची आणि प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीच्या टोकावर घट्ट खोचायची. नळीने प्लग हलकेच विहिरीत सोडायचा. आवळायच्या आधी उलट, म्हणजे डावीकडे फिरवायचा, अगदी सावकाश. एका क्षणी प्लग किंचित खाली उतरल्याचे बोटांना जाणवते, कधी कधी बारीकसा टक् आवाजही येतो. प्लगच्या आट्याचे तोंड हेडच्या आट्याच्या तोंडापाशी येऊन खाली पडले, असा त्याचा अर्थ. तिथून उजवीकडे फिरवायला सुरुवात करायची. बरोबर बसला तर १९ मिलिमीटरचा प्लग डझनावर फेरे नुसत्या नळीने, बोटांच्या जोरावर आत जातो. तिरका चढला तर रबराची नळी प्लगवर सरकते आणि फिरणे थांबते. आटा तुटत नाही, फक्त सुरुवात पुन्हा करायची. पाना फक्त शेवटच्या आवळणीसाठी.

त्या शेवटच्या आवळणीत दुसरे कारण दडलेले असते. १४ मिलिमीटरच्या वॉशरच्या प्लगला अॅल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरतात. १२ मिलिमीटरच्या प्लगला १५ ते २०, आणि मोटारसायकलींवर दिसणाऱ्या १० मिलिमीटरच्या प्लगला फक्त १० ते १२. पंचवीस सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकावर दहा किलोंचा जोर दिला की २५ न्यूटन-मीटर होतात. दहा किलो म्हणजे मनगटाचा जोर. खांदा लागला की तीस किलो सहज होतात आणि टॉर्क तिप्पट. टॉर्क रेंच नसेल तर नवा प्लग हाताने टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, एवढ्याने त्याचा वॉशर हवा तेवढा चेपतो. तोच प्लग पुन्हा बसवायचा असेल तर वॉशर आधीच चेपलेला असतो, म्हणून फेऱ्याचा बारावा हिस्सा पुरतो. वॉशर नसलेल्या, निमुळत्या बैठकीच्या प्लगला तर फेऱ्याचा सोळावा हिस्साच. काही जण आट्यांना तांब्याचे ग्रीस लावतात. एनजीकेसारखे उत्पादक आपल्या मुलामा दिलेल्या प्लगला ते लावू नका असे सांगतात. कारण घर्षण कमी झाले की तोच टॉर्क प्लगला कितीतरी जास्त ताणतो, आणि आकड्याने बरोबर आवळलेला प्लग प्रत्यक्षात जास्त आवळला जातो.

तिसरे कारण चुकीच्या लांबीचा प्लग. हेडला १९ मिलिमीटरचे आटे असताना त्यात १२.७ मिलिमीटरचा प्लग बसवला तर खालचे आटे उघडे पडतात आणि त्यांच्यावर काजळी जमते. गाडी चालते, कुणाला पत्ता लागत नाही. पुढे कुणी योग्य लांबीचा प्लग घालतो, तो त्या काजळीत अडकतो, आणि जोर लावला की आटे खरवडतो. उलट लांब प्लग घातला तर प्लगचेच आटे ज्वलनकक्षात डोकावतात, त्यांच्यावर काजळी बसते आणि काढताना ती हेडचे आटे ओढून आणते. त्यात पिस्टनच्या आदळण्याची भीती वेगळीच.

आट्यांचे महत्त्व किती आहे हे एका कंपनीच्या अनुभवाने सगळ्या जगाला दाखवले. अमेरिकेत फोर्डच्या मॉड्युलर इंजिनांच्या कुटुंबात सिलिंडरमागे दोन व्हॉल्व्हची ४.६ आणि ५.४ लिटरची व्ही-आठ आणि ६.८ लिटरची व्ही-दहा इंजिने होती. ती एफ-१५० पिकअप, एक्स्पिडिशन आणि मोठ्या व्हॅनमध्ये लाखोंनी गेली. या इंजिनांच्या सुरुवातीच्या अनेक हेडमध्ये प्लगच्या भोकात जेमतेम चार आटे होते. चार आटे म्हणजे पाच मिलिमीटर. वर उलगडलेली दोन फुटांची कड इथे सोळा-सतरा सेंटिमीटरवर येते.

गणिताने चार आटेही तो नव्वद किलोचा धक्का पेलू शकतात, आणि पेलतही होते. नाही तर लाखो गाड्या पहिल्याच दिवशी थांबल्या असत्या. पण चूक पेलायला त्यांच्याकडे काहीच शिल्लक नव्हते. प्लग किंचित सैल राहिला की तो प्रत्येक ज्वलनाला बारीकसा वर-खाली होऊ लागतो. तेवढ्या घासण्याने मऊ अॅल्युमिनियमची कड गुळगुळीत होत जाते, पकड आणखी ढिली होते, आणि एक दिवस मोठा आवाज होऊन प्लग आट्यांसकट बाहेर उडतो. त्याच्या डोक्यावर बसलेली इग्निशन कॉइलही सोबत मोडते. उघड्या भोकातून प्रत्येक कॉम्प्रेशनला हवा फटाफट बाहेर पडत असते आणि गाडी उरलेल्या सिलिंडरांवर कशीबशी चालते. हे इतक्या गाड्यांत झाले की या एका बिघाडासाठी खास दुरुस्ती किट बाजारात आली, आणि पुढे कंपनीनेही हेड न बदलता आत धातूचे इन्सर्ट बसवण्याची दुरुस्ती मान्य केली. नंतरच्या हेडमध्ये आटे वाढवण्यात आले. अभियांत्रिकीत बचत कुठे करू नये याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

आता दुरुस्तीकडे. आटे गेले म्हणजे हेड गेले, हा समज अजून पुष्कळ ठिकाणी आहे आणि तो मोडला पाहिजे. किती नुकसान झाले आहे यावर सगळे ठरते. फक्त वरचे एक-दोन आटे चेंगरले असतील तर नवीन काही कापायची गरजच नसते. इथे आटे सरळ करणारे हत्यार लागते, नवे आटे कापणारा टॅप नाही. टॅपच्या कडा धारदार असतात, त्या आधीच कमी उरलेला धातू आणखी खरवडतात. आटे सरळ करणारे हत्यार धातू काढण्याऐवजी चेंगरलेला धातू जागेवर ढकलते. त्यातही सुंदर प्रकार आहे तो आतून बाहेर येणारा. हे हत्यार मिटलेल्या अवस्थेत भोकातून ज्वलनकक्षाच्या बाजूला उतरवायचे, तिथे त्याचा व्यास फुलवायचा आणि मग फिरवत वर आणायचे. खालचे आटे सहसा शाबूत असतात, त्यामुळे हत्यार आधी त्या निरोगी आट्यांना धरते आणि तोच मार्ग धरून वरच्या बिघडलेल्या आट्यांपर्यंत येते. वरून टॅप घातला तर त्याला पहिला आटाच वाकडा भेटतो. आतून आले की आधी चांगलाच भेटतो.

आटे पूर्ण गेले असतील तर मात्र भोक मोठे करून आत नवे आटे आणावे लागतात, आणि इथे १९३०च्या दशकातल्या एका कल्पनेला मनापासून दाद द्यावीशी वाटते. त्या काळी विमानांची इंजिने हलक्या धातूंची होत होती. त्यांचे प्लग मोटारीपेक्षा वारंवार काढावे लागत, आणि प्रत्येक काढघालीला मऊ धातू झिजे. अमेरिकेत एअरक्राफ्ट स्क्रू प्रॉडक्ट्स या कंपनीने त्यावर हेली-कॉइल हा उपाय पुढे आणला. स्टेनलेस पोलादाची तार घ्यायची, तिचा छेद गोल न ठेवता पत्त्यांतल्या चौकटसारखा करायचा आणि तिची स्प्रिंग वळायची. या छेदामुळे स्प्रिंगच्या बाहेरच्या बाजूला एक आटा तयार होतो आणि आतल्या बाजूला दुसरा. बाहेरचा आटा हेडच्या मोठ्या केलेल्या भोकात बसतो, आतला आटा प्लगला मिळतो, आणि तो मूळ मापाचाच, १४ × १.२५. स्प्रिंग मोकळी असताना भोकापेक्षा किंचित जाड असते. ती आवळून आत फिरवली की बाहेर फुलायला बघते आणि स्वतःच्या जोरावर भोकात धरून राहते. ना गोंद, ना वेल्डिंग.

या तारेचे आणखी एक गुणवैशिष्ट्य म्हणजे ती लवचिक असते. सगळ्यात जास्त भार वरच्या आट्यांवर येतो हे वर सांगितले. तारेचे वेटोळे भाराखाली किंचित जागा बदलते, त्यामुळे तो भार खालच्या आट्यांपर्यंतही पोहोचतो. शिवाय हेडचे अॅल्युमिनियम आता १४ ऐवजी साडेपंधरा मिलिमीटरच्या व्यासावर भार घेते, म्हणजे त्याच लांबीत आधाराचे क्षेत्र दहा-अकरा टक्क्यांनी वाढते. आणि प्लग पुढे कितीही वेळा काढला-घातला तरी तो आता पोलादावर घासतो, अॅल्युमिनियमवर नाही. नीट बसवलेली दुरुस्ती मूळ आट्यांपेक्षा मजबूत असते, हे वाक्य ऐकायला अतिशयोक्ती वाटते, पण ते खरे आहे. लायकमिंग आणि कॉन्टिनेंटल या विमान इंजिन कंपन्या प्लगच्या भोकात असे इन्सर्ट कारखान्यातच बसवतात, इंजिन नवे कोरे असतानाच.

बसवण्याचे काम मात्र धीराचे. प्लगच्या खास किटमध्ये बहुधा एकच हत्यार असते, ज्याचे टोक जुन्या भोकात बसून दिशा धरते, मागचा भाग भोक रुंद करतो आणि त्यामागचा भाग नवे आटे कापतो. दिशा हा इथे जीवनमरणाचा मुद्दा. भोक एखाद्या अंशानेही कलले तर प्लगचा वॉशर एकाच बाजूने टेकतो, दुसऱ्या बाजूने गॅस निसटतो, आणि प्लगची उष्णता हेडमध्ये उतरायची वाटही अर्धी बंद होते. प्लगचे टोक ४५० अंशांच्या वर राहिले तरच त्यावरची काजळी आपोआप जळते, पण ८५० अंशांच्या फार वर गेले तर ते ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवू लागते. त्यामुळे ही उष्णता वेळच्या वेळी हेडमध्ये उतरणे महत्त्वाचे असते, आणि त्या वाटेत वॉशर आणि आटे दोन्ही असतात.

दुसरी चिंता किसाची. भोक आरपार आहे आणि खाली पिस्टन. कापलेल्या अॅल्युमिनियमचा कीस सिलिंडरमध्ये पडला तर रिंगांमध्ये अडकून भिंतीवर ओरखडे ओढू शकतो. म्हणून टॅपच्या पन्हळी जाड ग्रीसने ठासून भरतात, म्हणजे कीस त्यात चिकटतो. अर्धा फेरा पुढे, थोडा मागे, काही फेऱ्यांनी हत्यार पूर्ण बाहेर काढून पुसायचे, ग्रीस पुन्हा भरायचे आणि पुन्हा सुरू. घाई करणारा माणूस इथेच फसतो. काम झाल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहील अशा स्थितीत इंजिन आणून हवेच्या दाबाने सिलिंडर साफ करतात, बारीक नळी लावून व्हॅक्यूमने ओढतात, आणि शेवटी छोटा कॅमेरा आत घालून तळ पाहतात. काही कारागीर काम सुरू करण्याआधी सिलिंडरमध्ये दाढीचा फेस भरतात. नंतर इंजिन हाताने फिरवले की पिस्टन फेस वर ढकलतो आणि कीस त्याच्यासकट भोकातून बाहेर येतो. ऐकायला विचित्र, पण कामाची युक्ती आहे. फक्त फेसाचा ओलावा नंतर पूर्ण काढावा लागतो.

मग इन्सर्ट. तो एका दांड्यावर चढवून आत फिरवतात, आणि वरचे टोक वॉशरच्या बैठकीच्या थोडे खाली जाईपर्यंत नेतात. वर राहिले तर वॉशर तारेवर टेकतो. तारेच्या खालच्या टोकाला दांड्याला पकड मिळावी म्हणून एक आडवी शेपटी असते, ती नंतर तोडून टाकायची असते. बंद भोकात तुटलेली शेपटी तळाशी पडून राहिली तरी चालते. प्लगच्या भोकात ती थेट पिस्टनवर पडेल, म्हणून ती आधी लांब चिमट्यात पकडायची आणि मगच तोडायची. शेपटी नसलेले इन्सर्टही मिळतात, आणि प्लगसाठी मला तेच जास्त पटतात. विमानांच्या प्लग इन्सर्टला वरच्या वेटोळ्याला बारीक दाते असतात, ते हेडच्या धातूत दाबले की इन्सर्ट फिरत नाही.

तारेला पर्याय म्हणजे भरीव बुश. टाइम-सर्ट या अमेरिकन किटमध्ये पोलादी बुश असतो, त्याला वर छोटी कड. आधी भोक मोठे करायचे, कडेसाठी बैठक कापायची, आटे कापायचे, आणि मग बुश एका खास हत्यारावर चढवून आत न्यायचा. बुशचे तळाचे आतले आटे मुद्दाम पूर्ण कापलेले नसतात. हत्यार त्यांच्यातून जाते तेव्हा ते त्यांना बाहेरच्या बाजूला दाबते, आणि बुशचे बूड हेडच्या धातूत फुलून कायमचे अडकते. फोर्डच्या त्या चार आट्यांच्या हेडसाठी भरीव बुशच जास्त विश्वासाचे मानले गेले. त्याचे कारण मला पटते. तिथे आटे कमी होते, आणि बुश भोकाची उरलेली खोलीही वापरू शकतो.

आपल्याकडच्या गॅरेजमध्ये 'प्लगचे आटे गेले, बुश मारावा लागेल' हे वाक्य किटांच्या कितीतरी आधीपासून ऐकू येते. हेड काढून लेथवाल्याकडे न्यायचे, त्याने पितळेचा किंवा गनमेटलचा बुश कातायचा, बाहेर मोठे आटे, आत प्लगचे आटे, आणि हेडमध्ये बसवून द्यायचा. चांगल्या हाताने केलेला असा बुश वर्षानुवर्षे टिकतो. हेड टेबलावर घट्ट बसलेले असल्याने भोक सरळच पडते, आणि कीस सिलिंडरमध्ये जायचा प्रश्नच येत नाही. बुश नुसता फिरवून सोडला तर मात्र पुढच्या वेळी प्लग काढताना प्लग आणि बुश एकत्रच बाहेर येतात. म्हणून बुश अडकवून ठेवण्याची व्यवस्था केली आहे का, हे विचारून घ्यावे. इपॉक्सीने किंवा आट्यांवर टेफ्लॉनची टेप गुंडाळून प्लग बसवणे ही दुरुस्ती नाही. नेहमीचे इपॉक्सी तिथले तापमान सोसत नाही, आणि टेप पाण्याच्या नळासाठी असते. सहा महिने चालले म्हणून ते बरोबर ठरत नाही.

दुरुस्ती झाली की प्लग हाताने आत जातो का ते आधी पाहायचे. नंतर टॉर्क रेंचने आवळून कॉम्प्रेशन मोजायचे आणि ते शेजारच्या सिलिंडरांशी ताडून पाहायचे. इंजिन सुरू असताना प्लगच्या बुडाशी तेलाचे दोन थेंब टाकले आणि त्यात बुडबुडे आले, तर वॉशर नीट बसलेला नाही.

कधी पुढच्या खेपेला प्लगबरोबर तारेचा इन्सर्टच बाहेर येतो. त्याने घाबरायचे कारण नाही. हेडमधले मोठे आटे जागेवर असतात, फक्त नवा इन्सर्ट त्यात फिरवायचा. ते मोठे आटेही गेले तर आणखी मोठ्या मापाचे बुश मिळतात. तेही बसले नाहीत, किंवा प्लगच्या भोकापासून व्हॉल्व्हच्या बैठकीपर्यंतच्या चिंचोळ्या धातूत भेग पडली असेल, तर हेड काढावे लागते. मग टिग वेल्डिंगने ते भोक अॅल्युमिनियमने पूर्ण भरायचे, मिलिंग मशीनवर मूळ कोनात नवे भोक पाडायचे, आणि त्यात पुन्हा १४ × १.२५ चे आटे कापायचे.